कॉपी रोखा, पण काउंटर थांबवू नका: छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी लायसन्सची पद्धत

गणपतीच्या आधीचा शनिवार, संध्याकाळचे सात. जांभळी नाक्यावरच्या दुकानात काउंटरसमोर गर्दी आहे आणि बिलिंगच्या स्क्रीनवर अचानक अक्षरं उमटतात, 'लायसन्स तपासता आलं नाही. कृपया इंटरनेट जोडा.' हा संदेश दिसतो कोणाला? पैसे भरून सॉफ्टवेअर घेतलेल्या मालकाला. मागच्या गल्लीत क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडलेली कॉपी वापरणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही, कारण क्रॅक करणाऱ्याने सगळ्यात आधी तीच तपासणी उडवलेली असते. म्हणजे ज्याच्यासाठी कुलूप लावलं तो मोकळा, आणि कुलपाशी रोज झटापट करायची ती पैसे दिलेल्याने.

ठाणे आणि नवी मुंबईत दुकानं, दवाखाने, गोदामं, हाउसिंग सोसायट्या यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या छोट्या मंडळींसाठी हा लेख आहे. वागळे इस्टेटमध्ये किंवा महापेला दोन खोल्यांचं ऑफिस, तीन-चार जणांची टीम, सपोर्टचा फोन मालक स्वतःच उचलतो, असा ज्यांचा कारभार आहे ते. मोठ्या कंपन्यांचे वकील आणि सर्व्हर त्यांच्याकडे नसतात. त्यांना परवडेल अशी पद्धत पुढे क्रमाने दिली आहे. तिच्या मुळाशी नियम एकच: शंका आली तर सॉफ्टवेअर चालू ठेवायचं.

पहिली पायरी: कॉपी नेमकी कोण करतं ते बघा

कुठेतरी परदेशात बसलेला कोणी पटाईत क्रॅकर आपलं सॉफ्टवेअर फोडतो, असं चित्र मनात असतं. मोठ्या गेमच्या बाबतीत ते खरंही आहे. किराणा बिलिंग किंवा सोसायटीच्या मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर फोडण्यात त्याला रस नसतो. आपल्याकडे कॉपी फिरते ती ओळखीतून.

सगळ्यात मोठा वाटा पार्टटाइम अकाउंटंटचा. सकाळी नौपाडा, दुपारी कोपरी, संध्याकाळी वाशी, अशी पाच-सहा दुकानांची कामं तो करतो. त्याचा हात एका सॉफ्टवेअरवर बसला की त्याला सगळीकडे तेच हवं असतं. मग पेनड्राइव्हमधून सेटअप तोच नेतो. दुकानाच्या मालकाला हे सॉफ्टवेअर विकतचं आहे हेसुद्धा पुष्कळदा माहीत नसतं.

त्यानंतर कॉम्प्युटर जोडून देणारा. 'सगळं टाकून देतो, शेठ' या वाक्यात विंडोजपासून तुमच्या बिलिंगपर्यंत सगळं येतं. तिसरं तुमचं स्वतःचं गिऱ्हाईक, ज्याने एक लायसन्स घेतलं आणि दुसऱ्या काउंटरवर, गोदामात, घरी तेच चढवलं. चौथा एखादा नाराज डीलर, एकच की दहा जणांना विकणारा. या चौघांना एकच औषध चालत नाही. अकाउंटंटला अडवायचं नसतं, त्याला आपल्या बाजूला घ्यायचं असतं. गिऱ्हाईकाला दुसऱ्या काउंटरचा दर परवडणारा हवा असतो. डीलरला मात्र थांबवायलाच लागतं.

म्हणून कोड लिहायच्या आधी तीन महिने सपोर्टच्या फोनची वही नीट ठेवा. प्रत्येक फोनला लायसन्स नंबर विचारा. नंबर नसेल तर भांडू नका, अडचण सोडवून द्या. भाग कोणता, सॉफ्टवेअर कोणी टाकून दिलं, एवढंच लिहून ठेवा. तिमाही संपेपर्यंत कॉपी कुठून फिरते ते वहीतच दिसेल.

दुसरी पायरी: लायसन्स दुकानाच्या नावावर द्या, आणि ते नाव बिलावर छापा

आपल्या धंद्याला एक सोय आहे, जी गेम बनवणाऱ्यांकडे नाही. आपलं सॉफ्टवेअर कागद छापतं आणि त्या कागदावर दुकानाचं नाव असावंच लागतं. ते नाव सेटिंगमधून घेऊ नका, लायसन्समधून घ्या. बिलाच्या डोक्यावरचं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर हे तिन्ही लायसन्समध्येच बांधलेले असले की एका दुकानाची कॉपी दुसऱ्या दुकानात चालू होईल, पण बिल पहिल्याच्या नावाने निघेल.

वाशीच्या एपीएमसीत हे किती पक्कं बसतं बघा. मसाला मार्केटातल्या व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या जीएसटी नंबरचं बिल दिलं, तर माल घेणाऱ्याच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या सरकारी यादीत ती खरेदी जुळणार नाही आणि त्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकेल. महिन्याभरात तोच फोन करून ओरडेल. तुम्हाला सर्व्हर लागला नाही, इंटरनेट लागलं नाही, आणि प्रामाणिक गिऱ्हाईकाला यातलं काही कळलंही नाही. त्याच्या बिलावर त्याचं नाव येतंय, एवढंच त्याला दिसतं. सोसायटीच्या पावत्या, डॉक्टरांची प्रिस्क्रिप्शनं, लॅबचे रिपोर्ट, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बिल्ट्या, सगळीकडे हेच चालतं. कच्च्या बिलावर काम भागवणाऱ्याला मात्र याने फरक पडत नाही, पण तो कधी तुमचं गिऱ्हाईक होणार होता असंही नाही.

आता बांधणी. जुन्या पद्धतीत सीरियल नंबर बरोबर आहे की नाही हे ठरवणारं गणित सॉफ्टवेअरच्या आतच असतं. ते कोणी उलगडलं की हवे तेवढे नंबर तयार करणारा कीजेन बनतो. त्याऐवजी डिजिटल सही वापरा. दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, काउंटरची संख्या आणि अपडेटची मुदत एका छोट्या फाइलमध्ये लिहायची आणि फक्त आपल्याकडे असलेल्या गुप्त कीने, म्हणजे प्रायव्हेट कीने, तिच्यावर सही करायची. सॉफ्टवेअरमध्ये फक्त तिच्या जोडीची पब्लिक की असते, जी सही तपासू शकते, बनवू शकत नाही. एड२५५१९ ही पद्धत यासाठी सुटसुटीत आहे: पब्लिक की ३२ बाइटची, सही ६४ बाइटची, आणि लिबसोडियम या मोफत लायब्ररीत ती तयार मिळते. नावातलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही.

६४ बाइटची सही अक्षरांत उतरवली तर शंभराच्या वर अक्षरं होतात. ती फोनवर कोणी सांगू शकत नाही, आणि 'बी बॉम्बेचा की डी दिल्लीचा' करत बसायलाही कोणाला वेळ नाही. म्हणून गिऱ्हाईकाला दहा-बारा अक्षरांचा छोटा कोड द्या. तो टाकला की सॉफ्टवेअर फाइल स्वतः उतरवून घेईल. कोडमध्ये शून्य आणि ओ, एक आणि आय किंवा एल, असा घोळ होणारी अक्षरं ठेवू नका. मशीनला नेट नसेल तर तीच फाइल मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. ती पेनड्राइव्हने टाकली तरी चालली पाहिजे.

प्रायव्हेट की डेव्हलपरच्या रोजच्या लॅपटॉपवर ठेवू नका. वेगळ्या मशीनवर ठेवा आणि बँकेच्या लॉकरसारख्या दुसऱ्या जागी तिची एक प्रत असू द्या. सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून दोन पब्लिक की घाला. पहिली जोडी हरवली किंवा फुटली तर दुसरीवर जाता येतं, नाहीतर सगळ्या गिऱ्हाइकांना नवीन सेटअप पाठवत फिरावं लागेल.

नाव बांधलं की नाव बदलायची वाटही सोपी ठेवावी लागते. प्रोप्रायटरचा धंदा मुलांसोबत भागीदारीत गेला की पॅन बदलतो, पॅन बदलला की जीएसटी नंबर बदलतो, कारण त्या पंधरा अक्षरांमधली दहा पॅनचीच असतात. सुरुवातीचा महाराष्ट्राचा २७ तेवढा तसाच राहतो. अशा वेळी नवीन प्रमाणपत्राचा फोटो मागवा आणि त्याच दिवशी फाइल द्या. त्याचे पैसे घेऊ नका. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असल्यामुळे जीएसटी न घेतलेल्या छोट्या दुकानदाराला दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर यांवर लायसन्स द्या.

आणि ज्या सॉफ्टवेअरमधून कुणाच्या नावाचा कागदच निघत नाही, जसं कटिंग मशीनचं डिझाइन किंवा फोटोचं काम, तिथे विकत घेणाऱ्याचं नाव सुरुवातीच्या स्क्रीनवर ठळक दाखवा. आपल्या नावाची कॉपी दुसऱ्याला देताना माणूस जरा थांबतो. बाकीचा भार सातव्या पायरीवर टाका.

तिसरी पायरी: मशीन बदलणार हे गृहीत धरा

हार्डडिस्कचा नंबर, नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस, मदरबोर्डचा नंबर, हे सगळं एकत्र करून 'या मशीनशिवाय चालणार नाही' अशी गाठ मारायचा मोह आवरा. दुकानातल्या कॉम्प्युटरचं आयुष्य डोळ्यासमोर आणा. स्लो झाला म्हणून एसएसडी टाकली. व्हायरस आला म्हणून फॉरमॅट मारला. यूएसबीचा वायफाय डोंगल बदलला. जुलैत तळमजल्यात पाणी शिरलं आणि आख्खं मशीन गेलं. प्रत्येक वेळी तुमच्या लेखी ते 'नवीन मशीन' असतं आणि प्रत्येक वेळी फोन करतो तो पैसे भरलेलाच.

सोसायट्यांचं तर याहून अवघड. खारघर असो की घोडबंदर रोड, बऱ्याच सोसायट्यांचा हिशेब खजिनदाराच्या घरच्या लॅपटॉपवर असतो. कमिटी बदलली की हिशेब दुसऱ्या घरी जातो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तेव्हा या हस्तांतराची घाई त्याच दिवसांत उसळते. जुन्या आणि नव्या खजिनदाराचं बोलणं बंद असेल, आणि असतंच कधीकधी, तर 'जुन्या मशीनवरून लायसन्स काढून घ्या' ही अट पुरी करणार कोण? लायसन्स सोसायटीचं आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर सचिवांनी मागणी केली की नव्या मशीनवर ते चालू झालं पाहिजे.

म्हणून सॉफ्टवेअर चढवताना एक आपोआप बनलेला क्रमांक साठवा आणि तेवढाच सर्व्हरकडे पाठवा. एका काउंटरच्या लायसन्सला तीन मशीनपर्यंत काहीही विचारू नका. चौथ्यालाही अडवू नका, फक्त तुमच्या यादीत त्या लायसन्सपुढे खूण येऊ द्या. एकच लायसन्स महिन्याभरात वीस मशीनवर दिसलं तर तो डीलर आहे, त्याच्याशी बोलायची वेळ झाली. चार मशीन म्हणजे बहुधा नवरा, बायको, मुलगा आणि जुना बंद पडलेला कॉम्प्युटर.

यूएसबीत लावायच्या हार्डवेअर डोंगलबद्दल: मोठ्या किमतीच्या इंजिनियरिंग सॉफ्टवेअरला ते परवडतात. दुकानात झाडू मारताना डोंगल मोडतो, आणि तो बदलून येईपर्यंत बिलं हाताने लिहायला लागतात. घेऊ नका.

चौथी पायरी: 'नाही' म्हणणं आणि उत्तर न येणं यांत फरक करा

लायसन्स तपासणारा कोड लिहिताना सगळ्यात महागात पडते ती ही चूक. सर्व्हरने स्पष्ट सांगितलं की हे लायसन्स रद्द आहे, ही एक गोष्ट. सर्व्हरकडून काही उत्तरच आलं नाही, ही पूर्ण वेगळी. दुसऱ्या बाबतीत स्क्रीनवर एक अक्षरही येता कामा नये. नेट गेलं असेल, तुमच्या डोमेनचं नूतनीकरण राहिलं असेल, सर्टिफिकेटची मुदत संपली असेल, होस्टिंगवाल्याकडे बिघाड असेल. यांत गिऱ्हाईकाचा दोष कुठे आहे?

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोजची खात्री करणारे सर्व्हर बिघडले आणि खरं विंडोज घेतलेल्यांनाही 'तुमची प्रत अस्सल नाही' असं सांगितलं गेलं. मार्च २०१३ मध्ये सिमसिटी हा गेम सतत इंटरनेट लागेल अशा अटीवर बाजारात आला, सर्व्हर कोसळले, आणि विकत घेतलेल्यांना पहिले कित्येक दिवस तो धड खेळता आला नाही. कंपनीने मग भरपाई म्हणून त्यांना दुसरा गेम फुकट दिला. त्यांना भरपाई परवडली. आपल्याला सणाच्या दिवशी बंद पडलेल्या पन्नास काउंटरची भरपाई परवडणार नाही.

फाइलवर सही असल्यामुळे तपासणी मशीनवरच होते, सर्व्हर रोज लागत नाही. नेट मिळालं की सॉफ्टवेअरने गुपचूप सर्व्हरशी बोलून घ्यावं. मिळालं नाही तर ९० दिवस काहीच करू नये. त्यानंतरही दिवस बंद करताना, हिशेब जुळवण्याच्या स्क्रीनवर एक ओळ दाखवावी, बिलाच्या स्क्रीनवर नाही.

तुमचं दुकान बंद झालं तर काय, याचंही उत्तर आत्ताच लिहून ठेवा. फोटोशॉपवाल्या अडोबीने २०१२ च्या शेवटी आपल्या जुन्या सीएस२ मालिकेचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती उपलब्ध करून दिली. तुम्हीही सर्वांना कायमची चालणारी एक लायसन्स फाइल बनवून तुमच्या सीएकडे किंवा वकिलाकडे पाकिटात ठेवा. करारात एक ओळ घाला की धंदा बंद झाला तर ही फाइल सगळ्यांना मिळेल. दोन-तीन माणसांच्या कंपनीकडून सॉफ्टवेअर घ्यायला बिचकणारा व्यापारी या ओळीमुळे सही करतो. पायरसी, म्हणजे बेकायदा कॉपी, रोखण्यापेक्षा विक्रीलाच तिचा उपयोग जास्त होतो, असं माझं मत आहे.

पाचवी पायरी: डेमो उदार ठेवा, मुदत संपल्यावर डेटा धरून ठेवू नका

डेमोत निम्मी बटणं बंद ठेवली तर माणूस सॉफ्टवेअर कसं आहे ते बघूच शकत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा एज्युकेशनल मोड यावर चांगला धडा आहे: बहुतेक सगळं शिकता येतं, पण नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना करता येतात. विद्यार्थी घडतो, दुकान मात्र चालवता येत नाही. तुमच्या डेमोतही सगळं उघडं ठेवा आणि बिलावर आडवं 'नमुना' छापा.

डेमोचे दिवस कॅलेंडरवर मोजू नका, ज्या दिवशी बिल निघालं तेच दिवस धरा. दुकानदार सॉफ्टवेअर चढवतो आणि लग्नसराईत आठवडाभर बघतही नाही. घड्याळ मागे नेऊन डेमो लांबवणारेही असतात, त्यांना याच मोजणीने आपोआप आळा बसतो. घड्याळ मागे गेलेलं दिसलं म्हणून सॉफ्टवेअर बंद करणं मात्र टाळा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की मशीन चालू करताना तारीख कित्येक वर्षं मागे जाते. दुकानातल्या जुन्या मशीनवर हे नेहमीचं आहे. 'तारीख चुकलेली दिसते, शेवटचं बिल अमुक तारखेचं होतं' एवढं विचारा. मालकाचंही भलं होतं, नाहीतर बिलंही चुकीच्या तारखेने निघाली असती.

वार्षिक मुदत संपली तर नवीन अपडेट आणि सपोर्ट थांबवा. बघणं, छापणं, एक्सेलमध्ये काढणं कधीच थांबवू नका. जीएसटी कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याला वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळावे लागतात. ती वही तुमच्या कुलपाआड अडकवणं म्हणजे त्याला कायद्याच्या पेचात टाकणं आहे, आणि असं एकदा झालं की मार्केटात तुमचं नाव एका दिवसात फिरतं. मुदतीची तारीखही विचार करून ठरवा. जीएसटीआर-१ हे रिटर्न साधारण ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी २० तारखेला भरायचं असतं. ३१ मार्चला तर कोणाला श्वास घ्यायलाही वेळ नसतो. मुदत महिन्याच्या २५ च्या आसपास संपेल असं बघा आणि मार्च पूर्ण वगळा.

सहावी पायरी: अकाउंटंटला आणि हार्डवेअरवाल्याला आपलंसं करा

पार्टटाइम अकाउंटंटला स्वतःच्या नावाची मोफत प्रत द्या. ती कोणत्याही दुकानाचा डेटा उघडेल, रिटर्नची आकडेवारी काढेल, चुका दुरुस्त करेल, पण बिल छापणार नाही. त्याचं काम होतं, दुकानदाराला लायसन्स घ्यावं लागतं, आणि 'मी हेच वापरतो, तुम्हीही घ्या' असं सांगणारा माणूस तुम्हाला पगाराशिवाय मिळतो. सीएच्या ऑफिसातल्या आर्टिकलशिप करणाऱ्या मुलांनाही हीच प्रत द्या.

हार्डवेअरवाल्याला प्रत्येक लायसन्समागे ठरलेलं कमिशन द्या आणि ते दुकानदाराला माहीत असू द्या. लपवलेलं कमिशन पुढे भांडण बनतं. डेमोची सेटअप फाइल मात्र त्याने खुशाल वाटावी. सही केलेल्या लायसन्सची पद्धत असली की सेटअप फिरणं ही जाहिरातच आहे.

दुसऱ्या काउंटरचा दर पहिल्याएवढा ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. पहिलं लायसन्स ९,००० चं असेल तर दुसरं दोन-अडीच हजारांत द्या. घरून हिशेब बघण्यासाठी मालकाची एक प्रत पहिल्यातच धरा. जो माणूस एकदा पैसे देऊन बसला आहे त्याला चोरी करायला लावणारा दर हा दर ठरवणाऱ्याचा दोष. गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूएल यांनी २०११ मध्ये असं मत मांडलं होतं की पायरसी बहुतेक वेळा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न असते. आपल्याकडे किमतीचाही आहे, पण तो बऱ्याचदा या दुसऱ्या काउंटरपाशीच असतो.

सातवी पायरी: कॉपीला जे मिळू शकत नाही ते पैसे भरणाऱ्याला द्या

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ किंवा १८ वर आल्या. त्या आठवड्यात ज्याच्याकडे चालू लायसन्स होतं त्याला एका अपडेटमध्ये हजारो वस्तूंचे दर बदलून हवे होते, आणि क्रॅक केलेल्या कॉपीवाला एकेक वस्तू उघडत बसणार होता. कायदे बदलत राहणं ही आपली सगळ्यात मोठी राखण आहे. दर, वस्तूंचे एचएसएन कोड, ई-इनव्हॉइसचे नियम, रिटर्नचे नमुने, हे सगळं झटपट पोचवा. मराठीत फोन उचलणारा माणूस, रोजचा ऑनलाइन बॅकअप, गिऱ्हाईकाच्या व्हॉट्सॲपवर बिल, याही गोष्टी पेनड्राइव्हवर कॉपी होत नाहीत.

पण ज्याचं वार्षिक नूतनीकरण राहिलं आहे त्याला दर हाताने बदलण्याची सोय ठेवा. त्याने चुकीचा कर लावावा अशी व्यवस्था करणं हे ब्लॅकमेल झालं. सुरक्षेची दुरुस्तीही सगळ्यांना फुकट द्या, बेकायदा कॉपीलाही. त्या मशीनमधून उठलेला व्हायरस त्याच अकाउंटंटच्या पेनड्राइव्हवरून तुमच्या खऱ्या गिऱ्हाईकाकडे येतो.

आठवी पायरी: कॉपी सापडली तर काय बोलायचं

पहिला संदेश नेहमी समोरचा निर्दोष आहे असं धरून लिहा, कारण बऱ्याचदा तो असतोच. असा काहीसा:

'नमस्कार. या सॉफ्टवेअरवरचं लायसन्स दुसऱ्या दुकानाच्या नावावर दिसतं. तुम्हाला हे कोणी बसवून दिलं असेल आणि कल्पना नसेल, तर काळजी करू नका, तुमचा सगळा डेटा जसाच्या तसा राहील. तुमच्या नावाचं लायसन्स घेण्यासाठी या नंबरवर फोन करा.'

हा संदेश दिवसअखेरीला, मालकाच्या लॉगिनवर दाखवा. काउंटरवर गिऱ्हाइकांसमोर 'चोरीची प्रत' अशी पाटी लावणं हा अपमान आहे, आणि तुमची तपासणी एकदा जरी चुकली तर तो अपमान पैसे भरलेल्याच्या वाट्याला येईल. फोन आला तर मागचा हिशेब काढू नका. पुढचं लायसन्स द्या, नेहमीच्या दराने, डेटासकट. असे आलेले लोक चांगली गिऱ्हाइकं होतात, कारण त्यांचा हात सॉफ्टवेअरवर आधीच बसलेला असतो.

गेमच्या दुनियेत खोड्या करायची पद्धत आहे. २०१३ मध्ये गेम डेव्ह टायकून बनवणाऱ्यांनी स्वतःच एक कॉपी फुकट सोडली, ज्यात खेळणाऱ्याची गेम कंपनी शेवटी पायरसीमुळेच बुडायची. गेममध्ये हे गमतीचं आहे. बिलात किंवा औषधाच्या डोसात मुद्दाम चूक घालणं मात्र कधीही करायचं नाही, तपासणी कितीही पक्की वाटली तरी.

डीलर किंवा पैसे घेऊन क्रॅक विकणारा असेल तर कायद्याची वाट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतात. कलम ६३ब प्रमाणे बेकायदा कॉपी आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण फोडणाऱ्याला लागू होतं. त्याच कायद्यात रीतसर प्रत घेतलेल्याला नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप कॉपी करायची मुभा आहे, तेव्हा करारात 'बॅकअप घेतल्यास कारवाई' असलं काही लिहू नका. क्रॅकची लिंक कुठे चढवलेली दिसली तर आधी त्या साइटच्या तक्रार फॉर्मवर लेखी कळवा. तक्रारीवरून लिंक रोखली तरी २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा उघडली जाऊ शकते, म्हणून खरोखर नुकसान होत असेल तरच वकिलाकडे जा. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून कामाला येते. करून टाका.

नववी पायरी: माहिती कमीत कमी घ्या

एपीएमसीतला व्यापारी पहिला प्रश्न हा विचारेल: 'आमची बिलं कुठे जातात?' उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. लायसन्स नंबर, आवृत्ती आणि मशीनचा बनवलेला क्रमांक, एवढंच सर्व्हरकडे जावं. बिलं, गिऱ्हाइकांची नावं, उलाढाल यांतलं काही नाही. नेमकं काय पाठवलं ते दाखवणारी स्क्रीन सॉफ्टवेअरमध्येच ठेवा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर जे गोळाच केलं नाही त्याची जबाबदारीही येत नाही.

दहावी पायरी: बाहेर काढण्याआधी प्रामाणिक गिऱ्हाईक होऊन बघा

प्रत्येक आवृत्तीआधी ऑफिसातल्या सर्वांत जुन्या मशीनवर हे करा. नेटची वायर काढा आणि दिवसभर बिलं करा. तारीख २०१० ला न्या. डेटाचा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवा. फॉरमॅट मारून लायसन्स पुन्हा घाला आणि किती मिनिटं लागली ते लिहा. तुमचा सर्व्हर मुद्दाम बंद करा, मग चुकीचं उत्तर देईल असा करा. वेगवेगळ्या अँटीव्हायरसांसमोर सेटअप चालवा. कोड लपवण्यासाठी तो गुंडाळून ठेवणारा जड पॅकर वापरला असेल तर बरेच अँटीव्हायरस त्यालाच व्हायरस समजून फाइल उडवतात, आणि गिऱ्हाईकाच्या घरी 'तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायरस आहे' असं दिसतं. तसं होत असेल तर पॅकर काढा. क्रॅकरला त्याने फार तर एक संध्याकाळ जास्त लागते. सेटअपवर कोड सायनिंगची सही मात्र असू द्या, म्हणजे मधल्या कोणी फाइलमध्ये काही घुसडलं तर कळतं.

सपोर्टच्या वहीत दोन रकाने कायमचे आखा. एकात पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांचे लायसन्सच्या अडचणीचे फोन, दुसऱ्यात कॉपीवरून लायसन्सवर आलेले. दर तिमाहीला बघा. पहिला रकाना दुसऱ्यापेक्षा मोठा दिसला तर नुकतीच घातलेली तपासणी कोणती ते शोधा आणि पुढच्या आवृत्तीत ती काढून टाका.